नाकवालं नाणं

१२ जून

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईने ते मोठ्याने वाचलं. भाचीने मामाला दाखला लिहून द्यायचा, हे वाचून ती इतकी हसली की तव्यावरचं करपलं.

मला समजलं ते असं. मागच्या खेपेला तुम्ही मला कारखान्यासमोर चहा पाजलात, तेव्हा चिल्लरीत तुम्हाला एक पातळ, लहानसर नाणं आलं. तुमच्या मते ते टांकसाळीतच चुकलंय, म्हणून दुर्मिळ. तुमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातले शिंपीकाका म्हणतात की ते कुणीतरी अ‍ॅसिडात बुडवलंय. त्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, नाण्याला बोट लावलं की खरंखोटं कळतं, आणि हे खोटं निघालं तर मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही. आता नळांना मुलामा देताना मी रोज अ‍ॅसिडाच्या टाकीशी असते, म्हणून मी लिहून द्यायचं की अ‍ॅसिडाने असं होत नाही.

मामी गेल्यापासून तुम्ही रविवारी मंडळात जाता तेवढेच घराबाहेर पडता, असं आई म्हणते. मग असला शब्द द्यायचाच कशाला?

न बघता मी काय लिहू? एक करा. टांकसाळीत नाणं पोलादी कड्यात बसवून वरून ठोकतात, असं आमचे मिस्त्री सांगतात. पत्रा पातळ आला तरी दाबाखाली पसरतो आणि कड्याला जाऊन भिडतो. म्हणजे तिथे चुकलेलं नाणं पातळ असलं तरी त्याचा घेर पुरा असतो. अ‍ॅसिड कुणाचे लाड करत नाही. वरून खातं, खालून खातं, कडेनेही खातं. तुमचं नाणं तसल्याच एका धड नाण्यावर ठेवा. खालचं सगळीकडून डोकावलं तर लक्षण बरं नाही. अक्षरंही बघा, बारीक आणि खरखरीत झालीत का.

मी शाळा सोडली तेव्हा मला न बोललेले तुम्ही एकटेच. म्हणून तुम्हाला नाही म्हणणं जड जातं.

आहे त्या लोभात काटछाट नको.

तुमची,
घुमी


१९ जून

चि. घुमीस,
अ. आ.

तोंडातून शब्द न काढणारी पोर कागदावर एवढी बोलते, हे माहीत नव्हतं. समोर असतीस तर नुसती मान हलवून मोकळी झाली असतीस.

ठेवून पाहिलं. खालचं डोकावतं. अक्षरंही वाळली आहेत, आजारातून उठलेल्या माणसासारखी. पण थांब, एवढ्यात उड्या मारू नकोस. एका जागी काही डोकावत नाही. तिथे माझ्या नाण्याला नाक आहे. तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा, पुऱ्या जाडीचा, थेट कडेपर्यंत गेलेला, आणि त्यावरचं अर्धं अक्षर करकरीत. तुझं अ‍ॅसिड चहूकडून खातं ना? मग नाक का सोडलं? तेवढ्यापुरता उपास होता का त्याचा?

शिंप्यालाही हेच विचारलं. तो सुईत दोरा ओवायला लागला. तेव्हापासून बसल्या बसल्या मी नाणं हातात घेतो आणि नाकावर अंगठा फिरवतो. बरं वाटतं. ज्याचं उत्तर शिंप्याकडे नाही असं काहीतरी माझ्या खिशात आहे.

पुढच्या रविवारी सगळे जमतील. त्याआधी दाखला पाठव. नाकाचं लिही, बाकीचं गाळ. आणि तुझ्या आईला म्हणावं, तव्याकडे बघ.

लोभ वाढव, तिथे कंजूषपणा करू नकोस.

मामा


२३ जून

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत पुडीत एक नाणं आहे. आधी ते बघा, मग पुढचं वाचा.

त्यालाही नाक आहे.

आमच्याकडे नळ टाकीत सोडायच्या आधी अ‍ॅसिड जागं आहे का ते बघतात. त्यासाठी नळ कोण वाया घालवणार? मिस्त्री एक नाणं प्लास्टिकच्या चिमट्यात धरून दोरीने आत सोडतात. फेस आला की काम सुरू. कधी नाणं तसंच आत राहून जातं आणि काढेपर्यंत पातळ होतं. चिमट्याने धरलेल्या जागी मात्र अ‍ॅसिड पोचत नाही. तेवढी जागा होती तशी राहते. तिलाच तुम्ही नाक म्हणता. आम्ही काहीच म्हणत नाही. ती नाणी मिस्त्री समोरच्या चहावाल्याकडे चिल्लरीत खपवतात.

तुम्ही नाकाचं लिहिलंत तेव्हाच मला कळलं होतं. पण नुसतं लिहिलं तर तुम्ही वाद घातला असता. म्हणून मिस्त्रींना विचारून मी स्वतः एक नाणं चिमट्यात लावलं आणि सोडलं. मी आपणहून तोंड उघडलं याचंच त्यांना जास्त नवल वाटलं.

दाखला मागितलात, तो हा. दुसरा मला देता येत नाही.

मंडळात दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून कुणाला कळणार नाही. तशीही मी कुणाशी बोलत नाही.

राग वेगळा धरा, लोभ वेगळा.

तुमची,
घुमी


९ जुलै

चि. घुमीस,
अ. आ.

उत्तर दिलं नाही, कारण रागावलो होतो. आधी तुझ्यावर, मग तुझ्या मिस्त्रीवर, मग त्या चहावाल्यावर. त्याच्या चहात साखरही कमी होती.

रविवारी घरीच बसणार होतो. कपडे मात्र घातले होते, मग गेलो. पायरी चढलो नाही. खालूनच शिंप्याला हाक मारली, दोन्ही नाणी त्याच्या तळहातावर ठेवली आणि चिमट्याचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा खिदळणार. त्याने दोन्ही नाकं जवळजवळ धरून पाहिली. मग म्हणाला की हे त्याला सात जन्मांत सुचलं नसतं, आणि आता उन्हात उभा राहू नकोस, आत चल. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. तो म्हणाला, गाढव म्हणजे गाढव. आत गेला, आपली खुर्ची उचलून आणली आणि पायरीखाली मांडून बसला. मग एकेक करत बाकीचेही खुर्च्या घेऊन आले. सभा फुटपाथवर झाली. जाणारे-येणारे हळूच विचारत होते, कोण गेलं म्हणून.

येत्या रविवारीही बाहेरच बसणार आहेत. शिंपी मोठी छत्री शिवतोय.

एक घोटाळा झाला. नाणी हातोहात फिरली आणि आता दोन्ही एका डबीत पडली आहेत. तुझं कुठलं, माझं कुठलं, बघून कळत नाही. एवढा मोठा कंडक्टर, पण तुझ्या मिस्त्रीपुढे पास. तू ये आणि ओळखून दे. बोलावं लागणार नाही.

इथला लोभ आता फुटपाथवर आहे, तिथे येऊन घे.

मामा


१३ जुलै

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारची सुट्टी मिळाली, मी येते. आई पण येते म्हणते, छत्री बघायला.

पण नाणं ओळखायला माझी गरज नाही. माझं नाणं नुकतंच टाकीतून निघालंय. ते अजून खरखरीत आहे, नाकाचा काठ बोटाला टोचतो. तुमच्या नाण्यावर इतके दिवस तुमचा अंगठा फिरलाय. डोळे मिटा आणि नुसतं बोट लावा, बसमध्ये लावायचात तसं. तुम्हाला कळेल.

लोभाबरोबर एक खुर्चीही राखून ठेवा. कडेची.

तुमची,
घुमी