बोया की धक्का

ता. ३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी बंदर कार्यालयाचा कागद तुझ्या टेबलावर ठेवून आले, तो अजून तिथेच असेल. खाली काय छापलंय ते तरी वाच. महिनाअखेरपर्यंत एकच निवडायचं आहे. एक तर आपली बोट आत्तासारखी खाडीच्या मधोमध तरंगत्या बोयाला बांधायची, नाहीतर मरीनात धक्क्यालगत जागा घ्यायची. काहीच कळवलं नाही तर दोन्ही गेलं.

मी मरीना म्हणते. बोयाला बांधली की वारा फिरेल तशी बोट गरगरत राहणार, आणि तिच्यापर्यंत जायला आधी होडकं वल्हवा, मग डुगडुगत वर चढा. तुझं वय अडुसष्ट आहे, अठरा नाही. धक्क्यावरून एक पाऊल टाकलं की बोटीत! यात न पटण्यासारखं काय आहे? दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, त्यात तुझ्यावर दातओठ खाऊन माझेच दात झिजायला लागलेत.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय इतकंच.
तुझी,
ठमी

ता. ८ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

कागद वाचला. सही करणार नाही. बोयाची बोट आपलं तोंड आपण वाऱ्याकडे करते, तिला कुणी शिकवावं लागत नाही. मरीनात तुझ्या कवळीतल्या दातांसारख्या बोटी दाटीवाटीने उभ्या. वर रिकामटेकडे कठड्याला टेकून बघत बसणार, कोण कशी लावतो. एकतीस वर्षं फेरीबोट चालवली, आता माझी परीक्षा घ्यायला कुणी नको.

बाबांनी बोट दोघांच्या नावावर केली, पण पाण्यातलं मला ठरवू दे. तू जबड्यातलं ठरव.

राग कमी कर, प्रकृतीला जप.
तुझा,
दादा

ता. १३ मार्च

प्रिय ठमीस,
सप्रेम आशीर्वाद.

पत्र लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नकोस. मंगळवारी बोटीवर चढताना होडकं उलटलं. जवळ जाळं ओढणारा एक कोळी होता, त्याने कॉलर धरून वर काढलं म्हणून बरं. घरी आले ते निथळत, आणि मला सांगतात, लाट उडाली. लाट काय खिशातल्या पाकिटापर्यंत जाते?

हल्ली यांचं लक्षच नसतं. चहा कपाबाहेर ओततात आणि कपाला नावं ठेवतात. जिन्याची शेवटची पायरी चुकते, तर पायरीवर ओरडतात. मी बोलले की पेपर तोंडासमोर. तूच काय ते कर. माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

तुझी,
वहिनी

ता. १७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मरीनाच्या अर्जावर सही करून पाठवला. दोघांपैकी एकाची सही चालते, कार्यालयात विचारून घेतलं. शनिवारपर्यंत बोट तिथे न्यायची आहे. मी पुढच्या बुधवारी येतेच आहे, तोवर थांबता येईल का, ते कार्यालयात विचार. तू चिडशील, चीड. बुडालास तर चिडायलाही उरणार नाहीस. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

तुझीच,
ठमी

ता. २२ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझी वाट पाहिली नाही. काल एकट्याने बोट नेली. सात नंबरची जागा, दोन्ही बाजूंना बोटी. मला वाटलं अजून दोन हात अंतर आहे, आणि उजवीकडच्या पांढऱ्या बोटीला आपली बोट पार पुढपासून मागपर्यंत घासत गेली. मालक वरच बसला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, काका, राहू द्या, मी लावून देतो. आणि त्याने लावली.

आता ऐक. सहा महिने माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आहे. एका डोळ्याने अंतर कळत नाही. बोयाचा दोर हुकला तर वळसा घालून परत यायचं, कुणाचं काही जात नाही. मरीनात हुकलं की दुसऱ्याची बोट फुटते. म्हणून नाही म्हणत होतो. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही, कारण तिने मला दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावर बसवलं असतं.

अधिक काय लिहू.
दादा

ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

त्या सहीबद्दल माफी मागते. बुधवारी डॉक्टरांच्या दारात मागायची होती, पण तेव्हा मी इतकी संतापले होते की तडक एकटीच पुढे चालू लागले. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही, लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं ते म्हणाले आणि तू मान डोलवलीस, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय! सहा महिने, दादा. मी तुला हट्टी म्हणत राहिले आणि तू म्हणू दिलंस.

उजवा डोळा तरी राखायचा आहे. थेंब वेळेवर घाल. बोट विकायची का, हे तूच सांग. या वेळी मी सही करणार नाही.

तुझी,
ठमी

ता. २ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

थेंब तुझी वहिनी घालते. चार दिवस बोलत नाही, नुसती माझी हनुवटी धरून मान मागे करते. तिचं बरोबरच आहे.

बोट विकायची नाही. शेजाऱ्याच्या पांढऱ्या बोटीला मी स्वतः रंग लावून दिला, तो म्हणतो सात नंबर सोडू नका. रविवारी ये. सुकाणू तू धरायचंस, मी पुढे दोर घेऊन उभा राहीन. पहिल्यांदा तूही घासशीलच, तेव्हा जुने कपडे घालून ये. आणि आधीच सांगून ठेवतो, मी ओरडणार. त्याला डोळे लागत नाहीत.

वाट पाहतो.
तुझा,
दादा