माझ्या वडिलांना यंत्र ठरवून लावलेल्या शुल्काबाबत

प्रति,
मा. शुल्क अधिकारी,
भाव-माहिती विभाग,
ऑप्शन एक्सचेंज.

विषय : थेट भावांच्या सुधारित दरपत्रकात माझ्या वडिलांची 'संगणकीय यंत्र' या वर्गात झालेली नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले सुधारित दरपत्रक. २) माझा पहिला अर्ज, जो करून मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. ३) त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मी शेअरच्या ऑप्शन सौद्यांचा लहान दलाल असून शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरची दहा बाय बाराची खोली हे माझे कार्यालय आहे. तीत एक स्क्रीन व दोन खुर्च्या. एका खुर्चीत मी, दुसरीत माझे वडील. त्यांनी आपल्याच एक्सचेंजच्या सौद्यांच्या रिंगणात एकतीस वर्षे घसा फोडून भाव पुकारले. पुढे स्क्रीन आले, पुकारे बंद झाले, आणि नंतर काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. आता भाव मी मोठ्याने वाचतो, ते ऐकतात आणि "थांब, एवढ्यात विकू नकोस" म्हणतात. बहुधा त्यांचेच खरे ठरते. या कामासाठी ते रोज माझ्याआधी तयार होऊन बसतात.

१. नव्या दरपत्रकानुसार भाव पाहणाऱ्या दर माणशी शुल्क आहे. आपले तपासनीस आले, खुर्च्या मोजल्या आणि माणसे दोन लिहून गेले. वडिलांना दिसतच नाही, सबब त्यांचे शुल्क माफ व्हावे, असा मी सरळ मनाने अर्ज केला. डॉक्टरांचा दाखलाही जोडला.

२. आपण दाखला ग्राह्य धरला. परंतु जो भाव न पाहता वापरतो, तो नियमाप्रमाणे आपोआप सौदे करणारा संगणक होय, आणि त्यास माणसाच्या चाळीसपट शुल्क लागू होते, असे कळविले. हा नियम तळघरे भरून संगणक ठेवणाऱ्या बड्या पेढ्यांसाठी केलेला. त्यांना आपण घाऊक सवलत दिली आणि माझ्या वडिलांना पूर्ण दर लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे काम आपल्या विभागाने फार नेटके केले आहे.

३. सोबत यंत्राची माहिती भरण्याचा तक्ता आला. संतापाच्या भरात मी तो भरला. अनुक्रमांक : भावंडांत तिसरा. वेग : सकाळी उत्तम, जेवणानंतर मंद. वीज गेल्यास : चालूच राहते, उलट जास्त बोलते. त्याची आपल्या विभागाने शिक्क्यासह पोच दिली. तो शिक्का मारणाऱ्याने एक ओळ तरी वाचली होती काय, हे कळावे.

४. आता आपले फर्मान असे की, महिनाअखेर शुल्क भरावे, अथवा 'सदर यंत्र कायमचे बंद करण्यात आले आहे' असे सहीनिशी प्रमाणपत्र द्यावे. अन्यथा माझा भावपुरवठा तोडला जाईल. दूरध्वनीवर आपल्या कारकून बाई म्हणाल्या, "अहो, सही करून टाका ना. कोण येतंय बघायला?" फोन स्पीकरवर होता. वडिलांनी ऐकले.

५. काल मी बाहेर गेलो असता वडिलांनी खालच्या मेकॅनिकला वर बोलावून त्या प्रमाणपत्राचा आपण पाठविलेला कोरा नमुना वाचून घेतला, सहीच्या जागी बोट टेकवून घेतले आणि सही केली. ती ओळीखाली घसरली आहे. मी विचारले तेव्हा म्हणाले, "तुझा धंदा चालू राहू दे. माझं काय, मी घरी बसेन." महोदय, मला आपला आणि त्याहून माझ्या पहिल्या अर्जाचा अतिशय राग आला.

६. सबब, ते प्रमाणपत्र मी फाडले आहे. चाळीसपट शुल्क भरण्याची माझी ऐपत नाही, आणि असती तरी भरले नसते. माणूस म्हणून त्यांचे शुल्क लावा. ते मी आज भरतो. ते जमत नसेल तर पुरवठा खुशाल तोडा. त्याने माझा धंदा बसेल, हे मी जाणतो. पण माझे वडील बंद झाले, असे या कार्यालयातून कोणीही लिहून देणार नाही, ते स्वतःसुद्धा नाही.

आपला,
(नम्रपणा मागील अर्जात खर्ची पडला)
सही/-
ऑप्शन दलाल, स्क्रीन एक, माणसे दोन
दिनांक : मुदतीस दोन दिवस शिल्लक असताना

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला, पुन्हा. २) एका माणसाचे शुल्क, रोख. ३) प्रमाणपत्राचे तुकडे. सहीचा तुकडा जोडलेला नाही; तो मी ठेवून घेतला आहे.