तीन घरं खाली

प्रिय वहिनी,

तुम्ही होत्या तेव्हा तुम्हाले कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आठवीतून सुटलेल्या माणसाचं अक्षर! एकदा किराण्याची यादी लिहून दिली होती, तर तुम्ही म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हे वाचाले दुकानात तुम्हालेच संग न्यावं लागते."

तरी आज लिहून राह्यलो. आज दुपारी मले एक गोष्ट कळली. ती खरं म्हणजे दादाले सांगायची आहे. फोन लावला, एक रिंग गेली आणि मीच कापला. म्हटलं, आधी तुम्हाले सांगून पाहू. तुमच्यासमोर तरी मले कधी लाज वाटली नाही.

दादा परवा फोनवर पुन्हा तेच बोलला. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध, त्याचं बोलणं चाललं होतं. मधेच थांबला आणि म्हणे, "अमोल, भजनात तिचा गळा गेला ना, तवाच मले समजाले पाह्यजे होतं. आंदरून दुखनं लागलं होतं तिले. तवाच दवाखान्यात नेलं असतं तं आज असती."

डॉक्टरनं सांगितलं, कावीळ आठ दिवसांची होती. गळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगितलं. दादा ऐकत नाही. भजनातली पेटीवाली सुमनकाकू म्हणते, तो पऱ्हाटीच्या वावरात डवरा धरून मधेच उभा राहतो, बैल वळून पाहतात तरी त्याले समजत नाही. वर्ष झालं वहिनी, तो माणूस स्वतःले माफ करून नाही राह्यला. आणि आज मले कळलं की माफी मागायची आहे ती मले!

सांगतो. पहिल्यापासून सांगतो.

तुमच्या तेरवीले आलतो तेव्हा जाताना माझी ती गिटार उचलून मोरबीले आणली. दोन वर्षं खुंटीले टांगलेली होती. काहून आणली, मलेच माहीत नाही. तुम्ही तिच्यावर जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली होती, ती पाहिली आणि उचलली.

इथं मी टाइल्सच्या कारखान्यात आहे. माझं काम टाइल ठोकून पाहायचं. बोटानं टिचकी मारायची. चांगली असली की टण्ण वाजते, आतून चीर असली की भद्द. डोळ्याले चीर दिसत नाही, कानाले दिसते. दिवसभर हेच. त्यानं कान मात्र तयार झाला.

सुट्टीच्या दिवशी मोबाईलवरच्या एका मास्तरचं पाहून गिटार पुन्हा सुरू केली. गावात असताना मले तारा दाबायचे तीनच कॉर्ड येत होते, तुम्हाले माहीत आहे. मास्तर म्हणे, कॉर्ड बाजूले ठेवा, आधी स्केल शिका. स्केल म्हणजे आपलं सा रे ग म. गिटारच्या दांड्यावर पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेले मी घर म्हणतो. सा पासून दोन घरं चढायचं, पुन्हा दोन घरं, मग एक, मग दोन, दोन, दोन, आणि शेवटी एक. की वरचा सा आला. मग तसंच खाली यायचं. सहा महिने हेच करून राह्यलो. रूमवरचा ओडिशाचा रंजन वैतागला. "अमोल भाई, चढ़ता है, उतरता है, चढ़ता है, उतरता है. जाना कहाँ है तेरे को?"

बरोबर बोलला तो. जिना पाठ झाला, पण जायचं कुठं? मास्तर म्हणे, आता आपल्या मनानं वाजवा. मन लावलं तरी बोट पुन्हा जिनाच चढे. मग त्यानं एक युक्ती सांगितली. तुमच्या ओळखीच्या आवाजातलं गाणं लावा. गाणारा श्वास घेतो तेवढ्या जागेत तुम्ही दोन सूर भरा.

ओळखीचा आवाज! माझ्या मोबाईलमध्ये एकच आहे, वहिनी.

तुमच्या शेवटच्या दिवाळीले मी चार दिवस आलतो, तेव्हाचा. तुम्ही अनारसे तळत होत्या. मी घेत होतो कढईचा व्हिडिओ, रूमवरच्या पोरांना दाखवायले. तुम्हाले माहीतच नव्हतं. तेलाच्या चुर्र आवाजात तुम्ही तुमचंच जुळवलेलं भजन म्हणून राह्यल्या, "माह्या घरी ये रे देवा." आणि त्यातलं "घरी" दर वेळी वेगळं. एकदा वरून आणलं, एकदा हिंदोळा दिला, एकदा मधेच थांबून मग अलगद ठेवलं.

आज दुपारी ते लावलं आणि तार छेडली. जुळेना! मले वाटलं गिटार उतरली. मोबाईलवर तपासली, सगळ्या तारा बरोबर. पुन्हा लावलं. गिटारच्या हिशेबानं तुमचा सा तिसऱ्या उघड्या, बोट न दाबलेल्या तारेवर यायले पाहिजे. गावात तिथंच होता. आपण सगळं तिथंच वाजवत होतो. पण तुम्ही तिथं नव्हत्याच.

मग बोट वर सरकवत गेलो. पहिलं घर, नाही. दुसरं, नाही. तिसऱ्या घरावर बोट ठेवलं आणि टण्ण! चीर नसलेल्या टाइलसारखा तुमचा आवाज आणि तार एक झाली. कढईसमोर बसून, कोणासाठी नाही, पोटातून गात होत्या तुम्ही. कुठं गेला होता गळा? कुठं काय झालं होतं?

मोबाईलले विचारलं, पेटीवर या सुराले काय म्हणतात. काळी पाच. आणि उघडी तार? पांढरी पाच.

तेव्हा मले सुमनकाकूचा ओटा आठवला. महिला भजनी मंडळात मी पहिल्यांदा गिटार घेऊन बसलो तो दिवस. काकूनं पेटी पुढे ओढली आणि तुम्हाले विचारलं, "पाचच ना वं?"

तुम्ही माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाचच. पन पांढरी."

"अवं, तुही तं काळी हाये ना?"

"आता पांढरीच बरी वाटते मले. वय झालं ना बाप्पा!"

बत्तीस वर्षांच्या होत्या तुम्ही! सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. मले काळी-पांढरीतलं ओ का ठो कळत नव्हतं. माझे तीन कॉर्ड त्याच सुरात बसतात, दुसऱ्यात मले वाजवताच येत नाही, हे तुम्ही ओळखलं आणि तीन घरं खाली उतरल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण तुम्ही "घरी" फिरवून म्हणायच्या आणि मी चुकायचो. मी काय म्हणालो आठवते? "वहिनी, एकसारखं म्हणा ना! सारखा काय वळसा घालता?" तुम्ही म्हणाल्या, "भाऊजी, फेरा मारला तरी घरीच येते ना मानूस?" पण दुसऱ्या दिवसापासून सरळ म्हणायले लागल्या. शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

मग महागावची भजन स्पर्धा. गिटारवालं मंडळ म्हणून लोक पाहायले उठले, माझी छाती ही एवढी! आणि पहिलीच ओळ खाली गेली तर तुमचा आवाज पेटीखाली बुडाला. समोरच्या लोकांना तो ऐकूच आला नाही. आठ दिवसांत ठरलं, पुढं कांताबाई गाईल, तिचा आवाज जाड आहे. सगळ्या म्हणाल्या, तुमचा गळा गेला. बारा वर्षं तुम्ही म्होरक्या होत्या. तुम्ही टाळ घेतले आणि मागच्या ओळीत बसल्या. मी मात्र पुढंच, गिटार घेऊन.

कायले केलं असं, वहिनी? मले एक शब्द बोलायचा ना! आता समजलं, गिटारच्या गळ्याले लावायचा एक चिमटा मिळतो. तिसऱ्या घरावर लावला की तेच तीन कॉर्ड काळी पाचमध्ये वाजतात. एवढासा चिमटा! बोलल्या असत्या तर कोणाले तरी विचारलं असतं.

पण बाया मले भजनातून उठवतील, असं वाटलं असेल तुम्हाले. मी आठवीतून पळालेला, गॅरेजमध्ये टिकलो नाही, जिनिंगमध्ये टिकलो नाही. तुम्ही मले भवरा म्हणत होत्या. गिटार घेऊन एका जागी दोन तास बसतो, हे तुम्ही घरभर सांगितलं होतं. त्यासाठी जागा सोडली ना तुम्ही? आणि मी काय केलं! दोन महिन्यांत कंटाळलो आणि मोरबीची गाडी धरली.

मी गेल्यावर तरी आपली जागा परत मागायची! का भवरा फिरून पुन्हा तिथंच येईल, म्हणून वाट पाहत होत्या?

भीती वाटते, वहिनी. दादा म्हणेल, तुह्या त्या खोक्यापायी तिचं गाणं गेलं. म्हणेल आणि खरं तेच म्हणेल. कदाचित मले घराच्या ओट्यावर चढू देणार नाही. पण तुमचा गळा दुखण्यानं गेला नव्हता. तो गेलाच नव्हता! मी खाली ओढला होता. दादाच्या हातून काही सुटलं नाही. हे एवढं त्याले कळलंच पाहिजे, मग माझं काय व्हायचं ते होवो.

वर्षश्राद्धाच्या भजनाले मी येतो. सगळ्या बायांसमोर सांगतो आणि कढईजवळचा तुमचा आवाज ऐकवतो. मग सुमनकाकूले म्हणतो, काकू, काळी पाच द्या. चिमटा आणणार नाही, बोटांनीच वाजवीन. आणि "घरी" आलं की तुम्ही घ्यायच्या तसा वळसा घेईन. चुकीन. पण फेरा मारून तुमच्या सा वर येईन, हा शब्द देतो.

त्याआधी फोन. आत्ताच लावतो, वहिनी. या वेळी कापणार नाही.

तुमचा भवरा,
अमोल