यमीला काय कळतं

मुरबाड, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९३८. संध्याकाळ.

आज दवाखान्यात ठकूबाई दोन्ही मुलींना घेऊन आली. थोरली यमी आठ वर्षांची. मान धरत नाही, बोलत नाही. दोन वर्षांच्या तानीलाही जन्मापासून तेच दुखणं, आणि आता छाती भरलेली. गेल्या वर्षी मीच ठकूबाईला म्हणालो होतो, "यमीला काही कळत नाही, बाई. जिवाला लावून घेऊ नका." तिचं ओझं हलकं करायला म्हणालो, की माझं?

तानीला सुई टोचली. ती किंचाळली, तशी शेजारी घोंगडीवर निजवलेली यमी लोळत लोळत निघाली. हातभर अंतर, पण किती वेळ लागला! तानीच्या पायावर गाल ठेवून, तोंड वासून रडू लागली. तानी गप्प झाली.

"यमे, पाय गिळशील गो तिचा!" ठकूबाई हसली. मग मला म्हणाली, "रोजचाच हाय. तानी रडली का ही अशीच जाते."

रोजचंच. आणि मी नाडी, जीभ, डोळे तपासत राहिलो. हे कधी विचारलंसुद्धा नाही. पायावरचा तो गाल डोळ्यांसमोरून हलत नाही.

या दुखण्याला माझ्याकडे औषध नाही. तानी उन्हाळा काढेल असं वाटत नाही, हे आज स्पष्ट सांगितलं. ठकूबाई उठली. तानीला कडेवर घेऊन, यमीला पाठीशी बांधून दारात थांबली.

"डाक्तर, तानी गेल्यावर हिला कसा सांगू? शब्द तर हिला एक बी कळत नाय."

मी म्हणालो, परवा या. परवा कशाला बोलावलं, मलाच ठाऊक नाही.