गादी भिंतीवर, मी फरशीवर

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचं पथ्य आणि तुमच्या शेजारणीचा स्वभाव हे तिन्ही होते तसेच आहेत असं गृहीत धरतो. फरक पडला असता तर तू फोन केला असतास. इकडे सर्व क्षेम, एक बाब वगळता. ती बाब अशी, की माझी गादी भिंतीवर टांगली आहे आणि मी फरशीवर झोपतो. घरच्या कर्त्या पुरुषावर अशी वेळ पूर्वी लढाई हरल्यावर येत असेल. मी लढाईबिढाई काही केलेली नाही. फक्त मुलाचं लग्न केलं.

आणि स्थळ कोणी आणलं? तू. "मुलगी दातांची डॉक्टर आहे, फार शांत आहे," हे तुझेच शब्द. (त्याच लग्नात तू पैज लावली होतीस, की ही मुलगी एक दिवस माझ्यासारख्या बेसुऱ्यालासुद्धा गायला लावेल, आणि मी हरलो तर माझी लाकडी दांड्याची छत्री तुझी. त्या पैजेचा या पत्राशी काडीचा संबंध नाही.) शांत आहेच ती. दवाखान्यात इतकं हळू बोलते, की पेशंट घाबरून आपणहून तोंड उघडतात. पण संध्याकाळी घरी आली, की मागच्या खोलीत (पूर्वी माझी लिहिण्याची खोली, आता तिला 'रूम' म्हणतात, जणू आधी तो गोठा होता) ड्रम बडवते. या संगीताला थ्रॅश मेटल म्हणतात. आपल्या जुन्या मिक्सरमध्ये चमचा राहिला होता, आठवतं? तेच, पण तालात. वेग असा, की गाणं कोणतं हे बघायला मी चष्मा शोधतो तोवर पुढचं सुरू झालेलं असतं.

गिटारवर लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत आणि गायला बालवाडीच्या बाई. दिवसभर पोरांना "हळू बोला, हळू बोला" सांगतात आणि त्याची सगळी कसर आमच्या घरी येऊन काढतात. तर या मंडळींचा पहिला अल्बम निघाला, 'भूल न देता'. गाणी सगळी सूनबाईंच्या धंद्यातली: 'तोंड उघडा', 'अक्कलदाढ', 'मुळापर्यंत' आणि निरोपाला 'चूळ भरा'. कॉलेजात असल्यापासून ती या दिवसाची वाट बघत होती म्हणे. रेकॉर्डिंग घरीच करायचं ठरलं, आणि आवाज घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या गाद्या त्या खोलीच्या भिंतींना लावल्या. तुझी भावजयही कटात सामील. त्यांच्या तालावर ती मान झटकते आणि तिची जुनी मानदुखी गेली. माझी नवीन सुरू झाली.

मग घडलं ते असं. एका रविवारी दुपारी, रेकॉर्डिंग चालू असताना, कंबर अशी धरली, की मी तिरमिरीत जाऊन दार ढकललं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माझी गादीऽऽ!" आता मला काय ठाऊक, की 'मुळापर्यंत'च्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात? नेमक्या त्या शांततेत माझी गादी जाऊन पडली. मग लिफ्टवाले भारावून म्हणाले, "काका, दोन मजल्यांच्या मधे अडकलेला माणूससुद्धा असा ओरडत नाही हो!" झालं, ठेवली त्यांनी गाण्यात. कुणी रसिकाने लिहिलंय, की या आरोळीत अवघ्या मानवजातीची वेदना आहे. मानवजातीची कसली डोंबलाची, माझ्या कमरेची!

येत्या शनिवारी अल्बमचा पहिला जाहीर कार्यक्रम. लोक तीच आरोळी मागणार. चिरंजीवांना उभं करून पाहिलं. तो ओरडला ते अर्ध्या दिवसाची रजा मागितल्यासारखं. बाई ओरडल्या, पण त्यांची गादी घरी शाबूत आहे, ते ऐकू येतंच. शेवटी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, तुम्ही नसलात तर ते गाणं गाळावं लागेल. आणि अल्बम उभा आहे तो त्याच गाण्यावर." दवाखान्यात बोलते तितकंच हळू. मी स्पष्ट नकार दिला. माणसाला काही प्रतिष्ठा असते. भरल्या सभागृहात मी गादी मागू? बाकी सगळ्यांच्या गाद्या कधीच जागेवर गेल्या, माझी तेवढी अजून भिंतीवर, हा अन्यायही ध्यानात घे आणि तिला चार शब्द सुनाव.

तुझा धाकटा आणि सध्या जमिनीवर आलेला,
भाऊ

ता. क. भाऊजींचं मोटारसायकलच्या दिवसांतलं काळं चामडी जाकीट शनिवारच्या आत पाठव. चेन लागत नसली तरी चालेल. उघडंच घालायचं असतं.

आणखी ता. क. सुनेला सुनावू नकोस. गादी भिंतीवर ठेवायला मीच सांगितलंय. मऊ अंथरुणावर झोपलो तर आवाजातली धार जाईल.

शेवटचं ता. क. अल्बमच्या कव्हरवर मागे छापलंय: 'गायन: बालवाडीच्या बाई आणि सासरे.' मी सुनेला म्हटलं, अगं, ओरडणं वेगळं आणि गाणं वेगळं. ती म्हणाली, "आमच्यात नाही, बाबा."

छत्री आजच्या पार्सलने निघाली आहे. दांडा किंचित सैल आहे, जपून उघड.