बावीस सेकंदांच्या शांततेचा खरा मालक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा बोलणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकमेव व्यक्ती, म्हणजे माझी बायको, शेजारच्या खोलीत टीव्हीवर टेनिस पाहत समालोचकाच्या चुका मोठ्याने काढत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी प्रत्येक वजाबाकीचे धावते वर्णनही केले. तिसरीलाच ते म्हणाले, "बास, पटलं."

याआधी मी केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतली दोन रागाच्या भरात लिहिली होती.

कलम १. राहते घर, त्यातील सामानासह, बायकोला. तिने चाळीस वर्षे अशा माणसासोबत जेवण केले, जो मीठ डावीकडून उजवीकडे सरकले तरी सांगत असे. "अहो, मीठच मागितलंय, फायनल नाही," हे तिचे वाक्य माझ्या कारकिर्दीवरचे सर्वांत अचूक परीक्षण आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक बायको आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. यावर वर्णन नाही.

कलम ३. दुर्बीण, स्टॉपवॉच, हेडफोन आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली माझी सर्व कार्डे मुलीला, कारण तीही आता समालोचन करते. फुटबॉल, पोहणे, बॉक्सिंग, सायकल शर्यत, नेमबाजी, टेबल टेनिस असे एकतीस खेळ त्या खोक्यांत आहेत. एकदा कुत्र्यांचे प्रदर्शनही केले. त्यातला विजेता अनेक कर्णधारांपेक्षा सभ्य वागला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड: नावाचा नेमका उच्चार, आणि तो खेळत नसताना काय करतो याची एक ओळ.

मुली, ही कार्डे मिरवायला देत नाही. हरणाऱ्याचे नाव घे. विजेत्याचे नाव घ्यायला सारे स्टेडियम बसलेले असते. पोहण्यात आठव्या क्रमांकाने भिंतीला हात लावणारी पोरगीही पहाटे उठलेली असते. तिचे नाव चुकवणारा समालोचक पाण्यात नसूनही बुडालेला असतो! आणि ज्याला त्या नावाची फिकीर नाही, त्याने भाजी विकावी. पण तिथेही गिऱ्हाइकाचे नाव लक्षात ठेवावे लागते.

कलम ४. घशाच्या गोळ्यांचा डबा त्या निर्मात्याला, जो वीस वर्षे माझ्या कानात म्हणत होता, "सर, जोश कमी पडतोय, जरा ओरडा ना." आता त्याने स्वतः ओरडून पाहावे.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची कलमे लिहिली आहेत.

दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक पितळी पुतळी आहे. फुटबॉलच्या एका अंतिम सामन्यातल्या माझ्या बावीस सेकंदांच्या मौनासाठी ती मला मिळाली. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि मी एक शब्दही बोललो नाही. फक्त गर्दीचा आवाज. मग मी म्हणालो, "हे तुम्हीच ऐका." समालोचन शिकवणाऱ्या वर्गांत हे मौन आजही ऐकवतात.

ते मौन माझे नव्हते.

त्या दिवशी मी सकाळी सायकल शर्यत, दुपारी पोहणे आणि संध्याकाळी हा सामना, असे तीन खेळ बोललो होतो. फुटबॉलला मी दोन्ही संघांची कार्डे टेबलावरच्या एका फळ्यावर मैदानासारखी मांडतो आणि मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या की सगळा फळा फिरवतो. त्या मध्यंतरात मी सँडविच खाल्ले आणि फळा तसाच राहिला. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता, शेवटी शेवटी दोन्ही संघांचे सदरे एकाच रंगाचे दिसू लागले. मी मैदानाऐवजी फळ्यावर विसंबलो. गोल झाला आणि मी हरलेल्या संघाला विजेता घोषित करत सुटलो.

माझ्या शेजारी जाणकार म्हणून बसायचा तो निवृत्त गोलकीपर. त्याला सगळे 'भिंत' म्हणतात. खोकला आला की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आमच्या माइकला एक बटण असते. माझे बोट भलत्याच संघाच्या कार्डावर गेलेले त्याने पाहिले आणि माझा पहिला शब्द फुटायच्या आत माझे ते बटण दाबून धरले. बावीस सेकंद मी बंद माइकमध्ये भलत्याच कर्णधाराचे गुणगान गात होतो. मग त्याने स्कोअरबोर्डकडे बोट दाखवले आणि बटण सोडले.

सामन्यानंतर मी काय म्हणालो? "माझं बटण दाबायचा अधिकार तुला दिला कुणी?"

"अरे बाबा, तू हरलेल्यांना कप वाटत होतास!"

मग ही पुतळी आली. मौनाचे सामर्थ्य या विषयावर मी मंचावरून पंचवीस मिनिटे बोललो. त्यात भिंतीचे नाव नव्हते. तो तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्यानंतर नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. ज्याने आपले वाईट केले त्याला माणूस भेटतो तरी, ज्याचे आपण वाईट केले त्याला टाळतो. जन्मभर खेळाडूंना प्रामाणिकपणा शिकवणारा हा ढोंगी मीच.

म्हणून ही पुतळी भिंतीला. हे कलम माझ्या वाहिनीवर जसेच्या तसे वाचून दाखवावे.

कलम ६. माझ्या शोकसभेत दोन मिनिटे शांतता पाळू नये. मला ती मानवत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. दुसरा साक्षीदार कोण, असे वकीलबाईंनी विचारले. मी फोन उचलला.

"हॅलो, मी बोलतोय."

"कळलं. आज माइक चालू आहे वाटतं?"

तासाभरात भिंत दारात. त्याने पाचवे कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि पेन मागितले. वकीलबाई म्हणाल्या, "थांबा काका. ज्याला काही मिळणार आहे, त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. पुतळी घ्या, नाहीतर सही करा."

भिंत कपाटाकडे पाहतही नव्हता. "पुतळी पोरीला द्या. मला सहीच करायचीय. त्या बावीस सेकंदांत मीही तिथं होतो, एवढं कुठंतरी लिहिलेलं राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू, लेका, मरायच्या आधीच वाच ते. लोकांना चेहरा बघू दे तुझा."

त्यामुळे पुतळी मुलीला. आणि पाचवे कलम येत्या शनिवारच्या सामन्याआधी मी स्वतः वाचणार आहे. भिंत शेजारी बसेल.

ठिकाण: आमची जेवणाची खोली
दिनांक: ९ मार्च, रविवार

मृत्युपत्र करणार: (सही) समालोचक

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. बुद्धी ठीक. घसा जरुरीपेक्षा ठीक.

साक्षीदार २: (सही) भिंत, निवृत्त गोलकीपर. वरील सर्व माझ्यासमोर बोलले गेले. मी कोणतेही बटण दाबलेले नाही.