चांदसाहेबांची हाक

१२ जानेवारी २०२६, सोमवार

मैदान पुन्हा भरवायचं! मोहसीननं जेवताना जाहीर केलं. माधवनगरचं कुस्ती मैदान, ह्यांचं मैदान, बंद पडून दहा-अकरा वर्षं झाली – आणि आमचे चिरंजीव विश्रामबागेतल्या ऑफिसात बसून ते उभं करणार. ह्यांनी पाटी ओढून लिहिलं – नको. भाकरी अर्धी टाकून उठले.

घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हापासून घरात पाटी. (मोबाईल दिलाय, पण हट्टी माणूस!) मैदान हे भरवायचे, पैलवानांना पुकारायचेही हेच. नंतर दुसऱ्यांनी भरवून बघितलं. लोक म्हणायचे, "चांदसाहेब पुकारणार न्हाईत, मग जाऊन काय करायचं?" हळूहळू बंदच पडलं.

१४ जानेवारी

कृष्णात तिळगूळ घेऊन आला. एके काळी मैदानातली शेवटची, मोठी कुस्ती त्याचीच असायची. आता स्वतःची तालीम चालवतो, पोरं त्याला वस्ताद म्हणतात. ह्यांच्यासमोर मांडी घालून बसला. "चांदभाई, आवं बोलू नका, नुसतं येऊन बसा. तुमी न्हाई तर मैदान न्हाई." हे खिडकीबाहेर बघत राहिले.

मला असा राग आला! बोलता येत नाही, चालता तर येतं ना?

१९ जानेवारी

आज चपात्या लाटताना घाबरले. ह्यांचा आवाज आठवून बघितला आणि आलाच नाही. कुणी कधी टेप करून ठेवला नाही. शब्द पाठ आहेत सगळे. हे मोरीत अंघोळ करताना पुकारून बघायचे, मी चुलीपाशी ऐकायचे. तेव्हा बायका मैदानात जात नव्हत्या, म्हणून मैदानाच्या दिवशी गच्चीत उभी राहायचे, भोंग्यातून हाक यायची. ‘आऽऽला...’ आता ती हाक डोक्यात माझ्याच आवाजात वाजते. काय उपयोग!

लग्नानंतर माहेरची आठवण आली की मी ह्यांना अब्बांची नक्कल करून दाखवायचे. अब्बा लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. मी लाटणं तोंडाशी धरायचे आणि हे हसून हसून लोळायचे. आवाज नाही तर नाही, ते हसणं तरी एकदा ऐकायला मिळावं.

२८ जानेवारी

पुकारणारा ठरला. क्रिकेटच्या सामन्यांत बोलतो. "लय फेमस हाय, अम्मी!" असेल. ह्यांनी दोन दिवस पाटीला हात लावलेला नाही.

७ फेब्रुवारी

कृष्णातनं आखाड्याची मूठभर माती कागदात बांधून आणली – ताक, हळद, तेल घालून मळलेली. ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी चोळली, हुंगली. पाटीवर लिहिलं – ताक कमी पडलंय.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. उद्या मैदान, आणि हा माणूस येणार!

८ फेब्रुवारी, रविवार

आले! फेटा मी बांधला. मीही गेले. आता तिथं पोरी मातीत कुस्ती धरतात, मला कोण अडवतंय? माईकच्या टेबलाशेजारी आम्हा दोघांना खुर्च्या.

तो फेमस माणूस पैलवानाआधी देणगीदार पेट्रोल पंपाचं नाव घ्यायचा. लोक सोसत होते. शेवटच्या कुस्तीला कृष्णातचा चेला जयराज मातीत उतरला. पुकारणाऱ्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वजनही सांगितलं. वस्तादाचं नाव नाही! जयराजनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. "आदी वस्तादाचं नाव घ्या. मग हात देतो." समोरच्या पैलवानानंही हात मागं घेतला. हलगी थांबली. पुकारणारा कागद चाळत बसला, कागदात वस्ताद कुठले! शिट्ट्या सुरू झाल्या. "चला रं घरला!" मागची माणसं उठायला लागली. मोहसीन पांढराफटक. ही कुस्ती मोडली असती तर पुन्हा इथं कुणी फिरकलं नसतं.

हे उठले. पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला. उठलेली माणसं परत खाली बसली. मला वेडीला वाटलं, आता बोलतील! खरंच वाटलं.

ह्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. मी मान हलवली, नाही नाही म्हटलं. हात तसाच.

"आऽऽला! आला रं आला! कृष्णात वस्तादांचा पठ्ठ्या जयराज आऽऽला!"

कुठून आलं कुणास ठाऊक. समोरच्याच्या वस्तादाचं नाव कृष्णातनं कानात सांगितलं, तेही पुकारलं. हलगी कडाडली. दोघांनी हातात हात दिला. जयराजनं कुस्ती मारली म्हणे. मला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, हे तर चांदसाहेबच बोललं की!"

ह्यांना किती बरं वाटलं असेल! घरी आल्यापासून कोरी पाटी मांडीवर घेऊन बसलेत.

९ फेब्रुवारी

सकाळी मी चहा टाकला आणि ह्यांनी पाटी माझ्या हातात दिली. ‘ती हाक माझी न्हवतीच. तू लाटणं धरून अब्बांची नक्कल करायचीस, तिथनं उचलली. मैदानात कायम तुझीच हाक मारली, सलिमा.’

चहा उतू गेला.